भाजी धरणाऱ्या हाताचे शिक्षण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गेली दोन वर्षे तुम्ही घरी नियमितपणे स्वयंपाक करता आणि चित्रफितींमधले आचारी ज्या झपाट्याने कांदा चिरतात तसे चिरून पाहता. परंतु तुकडे लहानमोठे होतात, टोमॅटो चिरला जाण्याऐवजी चेंगरतो, गाजर फळीवर घरंगळते आणि डाव्या हाताच्या तर्जनीला आतापर्यंत दोनदा कापले आहे. यावर उपाय म्हणून महागडी सुरी घ्यावी का, एखाद्या प्रशिक्षण वर्गाला जावे का आणि वेग वाढवण्यासाठी नेमका कोणता सराव करावा, असे तुम्ही विचारले आहे.

मी बरीच वर्षे व्यावसायिक स्वयंपाकघरात काम केले आणि आता घरी स्वयंपाक करणाऱ्यांना सुरीकाम शिकवतो. हा प्रश्न माझ्याकडे जवळजवळ नेहमीच वेगाचा प्रश्न म्हणून येतो. मात्र तुमच्या चारही तक्रारी पुन्हा वाचून पाहा. त्यांपैकी एकीचाही वेगाशी संबंध नाही. गाजर घरंगळते, कारण त्याला बसायला सपाट बाजू नाही. टोमॅटो चेंगरतो, कारण सुरीची धार गेलेली आहे आणि तुम्ही ती सरळ खाली दाबत आहात. तुकडे असमान होतात, कारण पुढचा काप कोठे घ्यायचा हे ठरवून देणारे सुरीच्या शेजारी काहीच नाही. बोट कापले जाते, कारण त्याचे टोक पात्याच्या वाटेत पसरलेले आहे. एक धारेची गोष्ट सोडली, तर बाकी तिन्ही दोष सुरी धरणाऱ्या हाताचे नसून भाजी धरणाऱ्या हाताचे आहेत. शिकायला येणारे बहुतेक लोक सारे लक्ष सुरीच्या हातावर ठेवतात आणि दुसरा हात जसा पडेल तसा पडू देतात. माझे सगळे उत्तर या एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

त्याआधी परिस्थितीनुसार काय काय बदलते, ते सांगितले पाहिजे. तुमचा हात लहान आहे की मोठा, तुम्ही उजवे आहात की डावखुरे, मनगटाचे किंवा बोटांच्या सांध्यांचे जुने दुखणे आहे का, ओट्याची उंची किती, तुम्ही मांस-मासे कापता की केवळ भाज्या, यावर सुरीची निवड आणि हालचालीची पद्धत काही प्रमाणात अवलंबून असते. संधिवात असणाऱ्या व्यक्तीला मी पुढे सांगितलेली पकड जशीच्या तशी आग्रहाने सांगणार नाही. डावखुऱ्यांनी पुढचे सर्व वर्णन आरशातल्यासारखे उलटे वाचावे आणि सुरी घेताना ती एकाच बाजूने घासलेली नाही ना, हे अवश्य पाहावे, कारण एका बाजूने धार लावलेल्या सुऱ्या बहुधा उजव्या हातासाठी बनवलेल्या असतात आणि डाव्या हातात त्या काप तिरका नेतात.

सुरीचा प्रश्न आधी संपवतो, कारण तो वाटतो तितका मोठा नाही. घरच्या कामाला १८ ते २० सेंटीमीटर लांबीच्या पात्याची एक मोठी सुरी, ८ ते १० सेंटीमीटरची एक लहान सुरी आणि तुम्ही पाव कापत असाल तर करवतीसारख्या दात्यांची एक सुरी एवढे पुरते. आठ-दहा सुऱ्यांचा संच घेऊ नये. त्यातल्या बहुतेक सुऱ्या लाकडी ठोकळ्यातच राहतात. पोलादाच्या बाबतीत एक फरक मात्र माहीत असावा. युरोपीय धाटणीच्या सुऱ्यांचे पोलाद रॉकवेल मापावर साधारण ५४ ते ५८ इतके कठीण असते, तर अनेक जपानी सुऱ्यांचे ६० किंवा त्याहून अधिक. कठीण पोलाद जास्त बारीक धार घेते आणि ती अधिक काळ टिकवते. पण ते ठिसूळही असते, म्हणून हाडावर आपटले, गोठलेल्या पदार्थात घातले किंवा टणक फळात अडकल्यावर पिळले तर धारेचा कपचा उडतो. मऊ पोलादाची धार लवकर वळते, पण ती सरळ करणेही सोपे असते. शिकाऊ हातासाठी मी मध्यम प्रतीची, मऊ पोलादाची सुरी सुचवतो. मुळात तुमच्या घरी आज जी सुरी आहे तिला व्यवस्थित धार लावून घेतली, तर नवी सुरी घेण्याचा विचार कदाचित मनातून निघूनही जाईल.

फळी लाकडाची किंवा प्लॅस्टिकची असावी. काच, संगमरवर आणि स्टीलचा पृष्ठभाग यांच्यावर धार काही मिनिटांतच बोथट होते, मग सुरी कितीही चांगली असो. फळी पुरेशी मोठी हवी, म्हणजे आडवी ठेवलेली सुरी तिच्यावर सहज मावली पाहिजे. फळीखाली ओले करून पिळलेले फडके पसरावे. ही बाब किरकोळ वाटते, परंतु सरकणाऱ्या फळीवर भाजी धरणारा हात नकळत फळी धरून ठेवण्याच्या कामाला लागतो आणि मग भाजी धरायला कोणीच उरत नाही. उंचीचे साधे माप असे की सरळ उभे राहून कोपर काटकोनात वाकवले, तर फळीचा पृष्ठभाग कोपराच्या सुमारे १० सेंटीमीटर खाली यावा. ओटा फार खाली असेल तर फळीखाली उंचवटा द्यावा. खांदे वर ओढून चिरणाऱ्या माणसाचे मनगट लवकर दुखते आणि तो दोष सुरीला देतो.

आता सुरीची पकड. मूठ पाचही बोटांनी आवळून धरण्याऐवजी अंगठा आणि वाकवलेली तर्जनी यांच्या चिमटीत मुठीलगतचे पाते धरावे आणि उरलेली तीन बोटे मुठीभोवती सैलसर गुंडाळावीत. असे केल्याने सुरीचा तोल हातात येतो आणि पाते डावीउजवीकडे कलत नाही. तर्जनी पात्याच्या पाठीवर सरळ ताणून ठेवण्याची सवय पुष्कळांना असते. लहान सुरीने एखादे नाजूक काम करताना ती चालते, पण मोठ्या सुरीवर त्या पद्धतीने पाते डगमगते आणि बोट लवकर थकते. पकड किती घट्ट असावी, याची परीक्षा सोपी आहे. चिरता चिरता मध्येच थांबावे आणि नखांकडे पाहावे. ती पांढरी पडली असतील तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त आवळत आहात. सुरीच्या हाताविषयी याहून अधिक सांगण्यासारखे फारसे नाही, आणि ते मुद्दामच एवढ्यावर थांबवतो.

भाजी धरणाऱ्या हाताकडे सावकाश येऊ. या हाताची दोन कामे आहेत: वस्तू हलू न देणे आणि सुरीला पुढची जागा दाखवणे. त्यासाठी बोटे पंज्यासारखी आत वळवायची, म्हणजे बोटांची टोके किंचित मागे जातात आणि मधल्या बोटाचे पेर सर्वांत पुढे येते. नखांची टोके भाजीवर टेकलेली असावीत. अंगठा आणि करंगळी या दोघांनी बाजूंनी भाजी आवळायची, परंतु ती दोन्ही बोटे मधल्या बोटांच्या मागेच राहिली पाहिजेत. नवशिक्यांचे लक्ष तर्जनीवर असते आणि अंगठा हळूहळू पुढे येतो. तो दिसत नाही, म्हणूनच तो कापला जातो. शिकवताना मी समोरच्या माणसाच्या अंगठ्यावर सर्वाधिक लक्ष ठेवतो.

यानंतरची पायरी लोकांना विचित्र वाटते: पात्याची सपाट बाजू मधल्या बोटाच्या पहिल्या आणि दुसऱ्या सांध्यांमधल्या भागाला टेकवूनच ठेवायची. पात्यापासून बोटे जितकी लांब तितकी ती सुरक्षित, असे मन सांगते. प्रत्यक्षात दूर असलेल्या बोटांना सुरी नेमकी कोठे आहे हे कळत नाही, तर टेकलेल्या बोटाला ते डोळे मिटूनही कळते. पाते बोटाला लागून सरळ खाली उतरते आणि बोटाचे टोक त्याच्या मागे असते, त्यामुळे कापले जाण्यासारखे पात्यासमोर काही उरत नाही. एकच अट आहे. सुरी वर उचलताना तिची धार त्या सांध्याच्या वर जाता कामा नये. उंच उचललेली सुरी खाली येताना बोटाच्या वर पडू शकते. भाजीच्या उंचीपेक्षा जरा वर एवढीच सुरी उचलायची असते. चित्रफितींमध्ये दिसणारी मोठी, उसळती हालचाल कॅमेऱ्यासाठी असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्येक कापानंतर हा पंजा मागे सरकतो. तो जितका सरकेल तितक्या जाडीची चकती पडेल. म्हणजे तुकड्याची जाडी सुरी ठरवत नाही, ती हा हात ठरवतो. ३ मिलीमीटर मागे आलात तर ३ मिलीमीटरची चकती, ६ मिलीमीटर आलात तर ६ मिलीमीटरची. तुमचे तुकडे लहानमोठे होतात याचे कारण बहुधा हेच असावे की तुमचा हात भाजीवर एका जागी थांबतो, सुरी त्याच्याकडे सरकत येते, जागा संपली की हात एकदम उचलून मागे नेला जातो आणि तेथे नव्या अंदाजाने काम सुरू होते. त्याऐवजी करंगळी आणि अंगठा भाजीच्या मागच्या बाजूला जवळजवळ स्थिर ठेवून मधली तीन बोटे त्यांच्याकडे थोडीथोडी आखडत न्यायची. ती पुरती आखडली की मगच पूर्ण पंजा मागे घ्यायचा. हे लिहून समजावणे अवघड आहे. करून पाहाल तेव्हा पहिल्या दिवशी बोटे हट्ट करतील. हीच हालचाल आधी सुरीशिवाय, नुसत्या एका काकडीवर करून पाहिली तर बरे.

पंजा कितीही चांगला झाला तरी डळमळणारी वस्तू तो धरू शकत नाही, म्हणून पहिला काप नेहमी सपाट बाजू तयार करण्यासाठी घ्यायचा. बटाटा असेल तर एका बाजूची पातळ चकती काढून त्या बाजूवर तो बसवायचा. गाजराचे आधी ५ ते ६ सेंटीमीटरचे तुकडे करायचे, मग प्रत्येक तुकड्याची एक बाजू सपाट करायची किंवा तो उभा दुभागून पालथा घालायचा. त्यानंतर लांबट चकत्या, त्या चकत्यांच्या काड्या आणि काड्यांचे चौकोनी तुकडे. जवळजवळ प्रत्येक घट्ट भाजीचा हाच क्रम आहे, आणि व्यावसायिक स्वयंपाकघरातली ज्युलियन नावाची सुमारे ३ मिलीमीटर जाडीची काडी असो की १२ मिलीमीटरची फोड, फरक फक्त पंजा किती मागे सरकतो याचा. पहिली चकती वाया जाते असे वाटत असेल, तर ती बाजूला ठेवून शेवटी वेगळी चिरून टाकावी.

भोपळ्यासारख्या टणक, मोठ्या फळाच्या बाबतीत मी अधिक सावध राहायला सांगतो. येथे पंजा फारसा उपयोगी पडत नाही, कारण सुरीवर जोर द्यावाच लागतो. आधी देठाची आणि बुडाची बाजू कापून ते उभे बसवावे, सुरीचे टोक आत घालून टाच, म्हणजे मुठीलगतचा पात्याचा भाग, हळूहळू खाली आणावी, आणि दुसरा हात पात्याच्या पाठीवर, बोटे वर उचललेल्या तळव्याने ठेवावा. सुरी मध्येच अडकली तर ती पिळून ओढू नये. हळूहळू मागेपुढे करत काढून फळ दुसऱ्या बाजूला फिरवून काप घ्यावा.

आता टोमॅटोकडे येऊ. कोणतेही पाते केवळ खाली दाबले तर जितकी ताकद लागते, तिच्यापेक्षा बरीच कमी ताकद तेच पाते दाबता दाबता पुढे किंवा मागे सरकवले की पुरते. मऊ पदार्थ दाबाने आधी वाकतो आणि मग फाटतो. सरकत्या धारेने साल लगेच चिरले जाते, पदार्थाला वाकायला वेळच मिळत नाही. म्हणून टोमॅटोवर सुरी ठेवून ती आधी सरकवायची, दाब नंतर. घट्ट भाज्यांना मी पुढे ढकलत खाली नेण्याची हालचाल सुचवतो: टाच वर, टोक खालच्या दिशेने झुकलेले, आणि सुरी पुढे जाता जाता खाली उतरते. टोक फळीवरच ठेवून झुलवण्याची पद्धतही चांगली आहे, पण ती गोलाईदार पात्याच्या सुरीला मानवते. सांतोकू या जपानी सुरीसारख्या सरळ धारेच्या सुरीवर ती अडखळते. लसूण आणि कोथिंबिरीसारखी पाने बारीक करताना मात्र झुलवणेच सोयीचे. पाने कोरडी हवीत, नाहीतर त्यांचा लगदा होतो.

कांद्याविषयी वेगळे लिहितो, कारण सुरीकाम शिकण्यासाठी त्याच्याइतका चांगला गुरू नाही. त्याची रचनाच अर्धे काम करून ठेवते. सगळे पापुद्रे मुळाशी जोडलेले असतात, म्हणून मूळ शेवटपर्यंत कापून टाकायचे नाही. शेंड्याकडचा भाग कापावा, कांदा त्या सपाट बाजूवर उभा करावा, मुळातून सरळ खाली दुभागावा आणि मग साल काढावी. अख्ख्या कांद्याची साल काढण्यापेक्षा हे सोपे जाते. अर्धा कांदा पालथा ठेवून, मूळ आपल्यापासून दूर ठेवत, उभे काप घ्यावेत, पण सुरी मुळापर्यंत पोहोचू देऊ नये. नंतर कांदा फिरवून आडवे काप घेतले की चौकोनी तुकडे आपोआप सुटत जातात. शिकवताना बरेच जण या दोन्हींच्या मध्ये फळीला समांतर असे आडवे कापही घ्यायला सांगतात. ते मी घरी करणाऱ्यांना सांगत नाही. त्या कापात धार तळहाताकडे येते आणि कांद्याच्या पापुद्र्यांनी ते काम मुळातच बरेचसे केलेले असते. कडेचे तुकडे मोठे राहतात अशी तक्रार असेल, तर कडेचे उभे काप थोडे आत झुकवावेत. मात्र सगळ्या कापांचा नेम फळीवरच्या मध्यबिंदूवर धरला तर मधले तुकडे फार बारीक होतात, म्हणून तो नेम फळीच्याही खाली असलेल्या एखाद्या कल्पित बिंदूवर धरावा.

डोळ्यांतून पाणी येणे हेही बव्हंशी धारेशी जोडलेले आहे. कांद्याच्या पेशी फुटल्या की त्यांतली गंधकयुक्त द्रव्ये आणि विकरे (एन्झाइम) एकमेकांत मिसळतात आणि त्यातून डोळ्यांना झोंबणारे, सहज उडणारे द्रव्य तयार होते. हे द्रव्य घडवणारे स्वतंत्र विकर असते, हे जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले. बोथट सुरी पेशी कापण्याऐवजी चिरडते, त्यामुळे रस जास्त फुटतो. कांदा अर्धा तास थंड ठेवला तर त्या क्रियेचा वेग मंदावतो, आणि पंखा किंवा धूर बाहेर टाकणारे यंत्र चालू असले तर वाफा डोळ्यांपासून दूर जातात. तोंडात पाव धरणे, मेणबत्ती लावणे वगैरे उपायांवर माझा विश्वास नाही.

एकसारखे तुकडे हवेत कशाला, असेही कोणी विचारू शकेल. दिसायला बरे हे कारण मी दुय्यम मानतो. उष्णता तुकड्याच्या मध्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ ढोबळमानाने जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे २ सेंटीमीटरच्या फोडीला १ सेंटीमीटरच्या फोडीपेक्षा दुप्पट नव्हे, तर जवळजवळ चौपट वेळ लागतो. एकाच भांड्यात या दोन्ही असतील तर एक विरघळेल किंवा दुसरी कच्ची राहील. याच कारणामुळे ज्या पदार्थात सगळे शेवटी वाटून एकजीव करायचे आहे, तेथे समान तुकड्यांसाठी झटू नये. अशा वेळी मी स्वतः भाजी ओबडधोबड तोडतो.

धारेवर मात्र वेळ घालवला पाहिजे. बोथट सुरीला जास्त जोर लागतो, जोर दिलेली सुरी सालीवरून निसटते आणि निसटलेली सुरी कोठे थांबेल हे तुमच्या हातात राहत नाही. म्हणून घरात बोथट सुरी असणे मला धारदार सुरीपेक्षा अधिक काळजीचे वाटते. येथे दोन निरनिराळ्या कामांची सतत गल्लत होते. वापराने धारेची अतिशय बारीक कड एका बाजूला वळते. ती सरळ करायचे काम होनिंग रॉड म्हणजे ती लांब कांडी करते. धातू झिजून कड गोल झाली की कांडीचा उपयोग होत नाही, मग दगडावर घासून नवी कड काढावी लागते. कांडी दर एक-दोन वापरांनंतर, दोन्ही बाजूंनी चार-पाच वेळा, हलक्या हाताने फिरवावी. ती उभी धरून तिचे टोक फळीवर टेकवले तर कोन नीट राखता येतो. कठीण जपानी पोलादावर खाचा असलेली पोलादी कांडी वापरू नये, गुळगुळीत सिरॅमिकची वापरावी.

दगडाचे सांगायचे तर घरी १००० ग्रिटचा, पाणी लावून वापरायचा एक दगड बहुतेक सर्व कामे करतो (ग्रिट हे खरखरीतपणाचे माप, आकडा मोठा तितका दगड बारीक). कपचे उडालेले असतील तर ४०० च्या आसपासचा खरखरीत दगड लागतो, आणि ३००० ते ६००० चा दगड ही हौस आहे. घासताना प्रत्येक बाजूला युरोपीय सुरीसाठी सुमारे २० अंश आणि जपानी सुरीसाठी सुमारे १५ अंश हा कोन धरतात. अंश डोळ्यांनी मोजता येत नाहीत, म्हणून उंचीत मोजावेत: पाते ४५ मिलीमीटर उंच असेल तर २० अंशांसाठी त्याची पाठ दगडापासून सुमारे १५ मिलीमीटर आणि १५ अंशांसाठी सुमारे १२ मिलीमीटर वर असली पाहिजे. एका बाजूने घासत राहिले की दुसऱ्या बाजूला धातूची बारीक खरखरीत कोर उमटते. ती टाचेपासून टोकापर्यंत बोटाला जाणवली, की मगच बाजू बदलायची. ही कोर पाहण्यासाठी बोट धारेच्या लांबीवरून कधीही फिरवू नये, पाठीकडून धारेकडे येत बाहेर न्यावे. शेवटी हलक्या हाताने दोन्ही बाजू आलटून पालटून घासल्या की कोर निघून जाते. सुरी पिकलेल्या टोमॅटोवर तिच्या स्वतःच्या वजनाने सरकवली आणि सालीत उतरली, तर धार लागली असे समजावे. हे सर्व करायचे नसेल तर वर्षातून दोन-तीनदा जाणकार माणसाकडून धार लावून घ्यावी. खाचेतून सुरी ओढण्याचे छोटे यंत्र धातू बराच खाते आणि कोन आपल्या मर्जीने ठरवते, पण बोथट सुरी वापरण्यापेक्षा ते परवडले.

लावलेली धार लोक ज्या सवयींनी घालवतात त्यांपैकी दोन सांगतो. चिरलेली भाजी धारेने खरवडून भांड्यात लोटणे ही पहिली. त्यासाठी सुरी उलटी करून पाठीचा उपयोग करावा. दुसरी म्हणजे सुरी भांडी धुण्याच्या यंत्रात किंवा सुट्या चमच्यांबरोबर खणात टाकणे. सुरी हाताने धुऊन लगेच पुसावी, आणि साबणाच्या पाण्याने भरलेल्या भांड्यात ती कधीही सोडून देऊ नये, कारण पुढे हात घालणाऱ्याला ती दिसत नाही. हातातून निसटलेली सुरी पकडायला जाऊ नये. पाय मागे घ्यावेत आणि तिला पडू द्यावे.

सरावासाठी वेगळी भाजी आणून चिरत बसण्याची गरज नाही. रोजच्या स्वयंपाकातली पहिली एकच वस्तू सरावाची मानावी आणि ती मुद्दाम निम्म्या गतीने, पंजाकडे पाहत चिरावी. बाकीची नेहमीसारखी चिरली तरी चालेल. सुरुवातीला काकडी किंवा गाजराची दुभागलेली फोड घ्यावी, कारण ती पालथी घातली की हलत नाही. तिच्यावर बोट आणि पाते यांचा स्पर्श न सुटता शेवटपर्यंत जाता आले, की बटाट्याच्या काड्या आणि तुकडे, मग कांदा, आणि धार खात्रीची झाल्यावर टोमॅटो. कोबीचा गड्डा मी उशिरा देतो, कारण तो मोठा असतो आणि पंजा त्याच्यावर पसरट होतो. वेळ मोजू नये. घड्याळ लावले की सगळ्यात आधी अंगठा पुढे येतो, हे मी पुष्कळ शिकणाऱ्यांच्या बाबतीत पाहिले आहे. सुरी वर कमी उचलली जाऊ लागली आणि हात पुन्हापुन्हा उचलून ठेवणे थांबले, की वेळ आपोआप वाचतो. तुम्ही ज्याला वेग म्हणता त्याचा बराचसा भाग असा वाचलेल्या वेळातूनच येतो.

तरीही कधी कापलेच, तर जखम वाहत्या पाण्याखाली धुऊन स्वच्छ कापडाने दहा ते पंधरा मिनिटे सलग दाबून धरावी आणि हात वर ठेवावा. मध्ये मध्ये उघडून पाहू नये. रक्त थांबत नसेल, जखमेच्या कडा विलग राहत असतील, बोट सुन्न वाटत असेल किंवा नीट वाकत नसेल, तर डॉक्टरांकडे जावे आणि धनुर्वाताच्या लसीविषयीही विचारावे.

राहिला प्रशिक्षण वर्गाचा प्रश्न. पाच-सहा तासांत पन्नास प्रकारचे काप दाखवणाऱ्या वर्गाचा तुम्हाला फारसा उपयोग होणार नाही. जेथे शिकवणारी व्यक्ती तुमच्या शेजारी उभी राहून तुमचा हात पाहते आणि अंगठा पुढे आला की थांबवते, असा लहान गट मिळाला तर एक-दोन बैठका जरूर घ्याव्यात. तसे काही जवळपास नसेल तर मोबाइल फळीच्या बाजूला, पंजाच्या उंचीवर उभा करून कांदा चिरतानाची स्वतःची चित्रफीत घ्या. वरून घेतलेल्या चित्रात बोटांची टोके आणि अंगठा पेरांखाली झाकले जातात, म्हणून ती बाजूनेच घ्यावी. नंतर ती संथ गतीने पाहताना सुरीकडे लक्ष न देता फक्त अंगठा कोठे आहे आणि पाते बोटाला सोडून कधी दूर जाते, एवढेच पाहावे.